निळ्या टोपणाचा आठवडा

तळहातावरची मेंदी उतरते, नखावरची उतरत नाही. ती नखाबरोबर पुढं सरकते. नागपंचमीला बोटांची टोकं माखून घेतलेल्या कुठल्याही पोरीचे हात दिवाळीत बघा, लाल रंग पार टोकाला गेलेला असतो आणि मागून कोरं नख आलेलं असतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण एखाद्या वर्षी तसं झालं नाही, तर बघणारा दचकतो.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला स्नेहल गुरव आपल्या नऊ वर्षांच्या मनवाला उटणं लावत होती. दंड झाले, मनगटं झाली, बोटांशी आली आणि तिचा हात थांबला. दहाही नखं मुळापासून टोकापर्यंत लाल होती. नागपंचमीला होती तश्शी.

"आई, पाणी गार होतंय की!" मनवा कुडकुडत म्हणाली.

"घालते गं बाई, घालते."

स्नेहलनं आठवून बघितलं. पोरीची नखं आपण शेवटची कधी कापली? रविवारी सकाळी अंगणात कागद पसरून मायलेकी बसायच्या. ते बसणं कधी बंद पडलं, तिला आठवेना. नजर आपोआप मनवाच्या गुडघ्याकडं गेली. गुडघ्यावरच्या पट्टीला पाणी लागू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलं होतं. नागपंचमीच्याच झोक्यावरून पडली होती पोर. साधं खरचटलं होतं, चार दिवसांत खपली धरून गळून जावं असं. पण ते अजून ओलं होतं, लाल होतं, आत्ता पडल्यासारखं. पू नाही, सूज नाही, ताप नाही. नुसतं भरत नव्हतं. इतके दिवस स्नेहल स्वतःला सांगत होती की पोर खेळताना पुन्हापुन्हा धक्का लावते. आज नखं बघितल्यावर तिला स्वतःला फसवणं जमेना.

मनवाचं दुखणं जन्मापासूनचं. जन्मली तेव्हा गावातल्या डॉक्टरनं डाव्या छातीवर नळी लावली आणि त्याला घामच फुटला. "अहो, ठोका लागत नाही!" मनवाचा बाप तुषार तिथंच मटकन खाली बसला. तेवढ्यात पोरीनं असा खणखणीत टाहो फोडला की दवाखाना दणाणला. हृदय होतं, पण उजव्या बाजूला. नंतर मिरजेला कळलं की हृदयाची जागा ही नुसती खूण आहे, खरा आजार छातीत आहे. पोरीच्या फुफ्फुसातला कफ वर येत नव्हता, आत साचून कुजत होता. तेव्हापासून दिवसातून तीनदा पोरीला मांडीवर पालथी घालायची आणि तळवा ओंजळीसारखा करून पाठीवर थापट्या मारायच्या, कफ सुटेपर्यंत. स्नेहलच्या हाताला घट्टे पडले होते. तुषार तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर कामाला होता. अंगाला गंधकाचा वास घेऊन यायचा, म्हणून परड्यातल्या नळावर आंघोळ केल्याशिवाय पोरीला हात लावत नसे.

मग गेल्या वर्षी डॉक्टर मृणाल बेलसरे भेटल्या. मिरजेच्या इस्पितळात त्या एका नव्या औषधाची चाचणी घेत होत्या. आजार दुर्मिळ, मुलं मोजकी, आणि मनवा त्यांतली पहिली. बाईंनी स्नेहल आणि तुषारला पडद्यासमोर बसवून एक हिरवा ठिपका दाखवला.

"हा डबक्यातला एका पेशीचा जीव. तोंड नाही, डोकं नाही, पण पुढं ही दोन वल्ही आहेत बघा. पुस्तकात कशाभिका म्हणतात. दोन्हींची लांबी अगदी सारखी. आता मला सांगा, ह्याच्याकडं मोजपट्टी नाही, मग कुठं थांबायचं हे ह्याला कळतं कसं?"

तुषार म्हणाला, "देवाला ठाऊक."

बाई हसल्या. वल्ह्याच्या आतून म्हणे बारीक हमाल सारखे ये-जा करत असतात. बुडाशी माल उचलायचा, टोकाला नेऊन लावायचा, पुन्हा मागं यायचं. टोक तिकडं सतत झिजतही असतं. वल्हं आखूड असलं की खेपा झटपट होतात, माल भराभर पोचतो, वल्हं वाढतं. लांब झालं की खेपेला वेळ लागतो, माल कमी पडतो. लावणं आणि झिजणं जिथं बरोबरीला येतं, तिथं वाढ आपोआप थांबते. वर कुणी मुकादम लागत नाही.

"आणि ह्यातलं एक वल्हं तोडलं तर?" बाईंनी पडद्यावर तोडूनच दाखवलं. "दुसरं बघा."

धडधाकट वल्हं हळूहळू आखूड व्हायला लागलं. तुटकं वाढत होतं, धडकं आटत होतं. दोन्ही बरोबरीला आली, आणि मग दोन्ही मिळून पहिल्या लांबीपर्यंत वाढली.

"पेशीत माल ठरावीकच असतो," बाई म्हणाल्या. "आपल्यातला थोडा त्याला जातो."

"थोरल्या बहिणीनं आपल्या ताटातलं धाकटीला वाढल्यागत," स्नेहल म्हणाली. बाईंना ते फार आवडलं.

आपल्या श्वासनलिकेतही ह्याच जातीची बारीक लव असते. ती एका लयीत हलते आणि कफ वर ढकलते. मनवाची लव जन्मतःच खुरटी होती. नवं औषध टोकाची झीज रोखायचं, म्हणजे लव वाढायची. रोज सकाळी तळहाताएवढ्या यंत्रात एक कुपी बसवायची आणि वाफ ओढायची. तीन आठवडे पांढऱ्या टोपणाच्या कुप्या, चौथ्या आठवड्यात निळ्या टोपणाच्या. निळ्यात नुसतं मिठाचं पाणी. यंत्र टोपण ओळखायचं, पोरीची फुंकर मोजायचं आणि सगळं परस्पर मिरजेला कळवायचं.

"निळा आठवडा कशाला, मॅडम?" स्नेहलनं विचारलं होतं.

"शरीराला जरा उसंत म्हणून." बाई एवढंच बोलल्या. बाहेर पेशंट ताटकळले होते.

आता स्नेहल कोण, तर गावची आशाताई. तिची उमेदवारीची सगळी वर्षं टीबीच्या पेशंटांमागं धावण्यात गेलेली. गोळ्या मध्येच सोडल्या की रोग दुप्पट जोरानं उलटतो, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. "मरा, पण खाडा करू नका," हे तिचं वाक्य अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होतं. भूपाल अण्णा चौगुले गोळ्या चुकवायला द्राक्षाच्या मांडवात लपायचे, तिथून तिनं त्यांना हुडकून काढलेलं. समोर गोळी गिळायला लावायची आणि वर जीभ उचलून दाखवायला सांगायची. अण्णा वाचले, आणि अजून गावभर सांगत फिरतात की ह्या पोरीनं मला यमाच्या दारातून ओढून आणलं.

अशा बाईच्या हातात निळं टोपण दिलं. पहिला निळा आठवडा तिनं दात-ओठ खाऊन काढला. तीन आठवडे पळणारी, हसणारी पोर पुन्हा खुरुखुरु करायला लागली. दुसऱ्या निळ्या आठवड्यात मनवाचे ओठ काळेनिळे पडले आणि तिला उचलून मिरजेला न्यावं लागलं. होळीच्या आसपास तिसरा आला, तेव्हा स्नेहलनं ठरवलं की बस्स. औषध असताना पोरीला पाणी पाजायचं? हा कुठला न्याय? पडल्या-फुटल्याला म्हणून इस्पितळातून पांढऱ्या कुप्यांची एक पट्टी जास्तीची मिळायची. तिनं सुईनं निळ्या कुप्यांतलं पाणी काढून टाकलं आणि त्यांत पांढरं औषध भरलं. यंत्राला निळं टोपण दिसलं. मिरजेला निळं टोपण कळलं. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं, "मॅडम, पट्टी हातातून निसटली." कुणी शंकाही घेतली नाही. आशाताई खोटं कशाला बोलेल?

तेव्हापासून पोर एक दिवस आजारी पडली नव्हती. झोक्यावर उभी राहून उंच झोके घेत होती. आणि आता दिवाळीत तिची नखं लाल होती.

पाडव्याला मनवा गेल्या वर्षीचं परकर-पोलकं घालून नाचत बाहेर आली. "बाबा, बघा, अजून होतंय!"

तुषार खूश. "आयला, खरंच की! अगदी बेताचं बसलंय. स्नेहल, बघितलंस का?"

स्नेहलनं बघितलं. परकर घोट्यावर जिथल्या तिथं होता. गेल्या दिवाळीला होता तिथंच. चौकटीला धरून ती उभी राहिली.

"काय झालं?"

"तुषार, पोर वाढत नाहीये."

"अगं, आजारी पोर, उंची जरा मागंपुढं व्हायचीच. बेलसरेबाईच म्हणाल्या की." त्यानं आवाज खाली घेतला. "ती पळायला लागलीय, स्नेहल. मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं. आता आणखी काय हवंय तुला? देवाचं नाव घे आणि गप बस."

ती गप बसली. निळ्या कुप्यांचं तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो "बरं केलंस" म्हणाला असता, आणि ते ऐकायची तिला भीती वाटत होती.

तुळशीच्या लग्नानंतर बेलसरेबाईंनी सगळ्या पालकांना मिरजेला बोलावलं. मुलं खाली चटईवर खेळत होती. मनवाला स्नेहलनं जाड लेगिंग घातली होती, पट्टी दिसू नये म्हणून. बाई आज फुललेल्या होत्या.

"तुम्हा सगळ्यांची एकच तक्रार, निळा आठवडा. आज त्याचं कारण नीट सांगते, आणि मग एक चांगली बातमी देते." पडद्यावर तोच हिरवा जीव आला. "ह्याला एकाचे दोन व्हायचं असलं की हा आधी काय करतो बघा."

दोन्ही वल्ही आटायला लागली. आटत आटत पूर्ण आत गेली. मगच तो हिरवा ठिपका मधोमध दुभंगला.

"वल्ही ज्या दोन खुंट्यांना बांधलेली असतात, त्याच खुंट्या पेशीला दुभंगायला लागतात. वल्हं बाहेर असेपर्यंत खुंटी मोकळी होत नाही. एक तर पोहा, नाही तर वाढा. आपल्या शरीरातही हाडाच्या टोकाला, कातडीखाली, नखाच्या मुळाशी बऱ्याच पेशींना असाच एकेक केस असतो. रक्ताच्या आणि आतड्याच्या पेशींना तो सहसा नसतो, ते आपलं नशीब. मला धास्ती होती की औषध अंगभर पसरलं आणि ते केस आटेनासे झाले, तर पेशी दुभंगायच्या थांबतील. पोर वाढणार नाही, जखम भरणार नाही. म्हणून तो मोकळा आठवडा."

स्नेहलची नजर खाली चटईवर, मनवाच्या लाल नखांकडं गेली.

"पण मनवा गुरव आपली सगळ्यांत जुनी पेशंट. होळीपासून निळ्या आठवड्यातसुद्धा तिचा श्वास तसूभर उतरलेला नाही. म्हणजे औषधाचा असर त्या आठवड्यातही उतरत नाही, लव आटत नाही. म्हणजे होळीपासून तिला मोकळा आठवडा असा मिळालाच नाही, आणि तरी ती तब्येतीनं ठणठणीत आहे; माझी धास्ती खोटी ठरली. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीनं मान्यता दिलीय. येत्या महिन्यापासून लहान मुलांचा निळा आठवडा कमी करत न्यायचा आणि बंद करायचा."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेले इचलकरंजीचे इरफान मोमीन, मागावर काम करणारे, स्नेहलकडं वळले. डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे. त्यांच्या मांडीवर वर्षा-सव्वा वर्षाचा अयान होता.

"ताई, तुमच्या मनवाचे उपकार झाले बघा. निळा आठवडा आला की ह्याची अम्मी नुसती रडते. एवढ्याशा जिवाला मारायचं कसं हो पाठीत?" अयाननं तेवढ्यात त्यांचा गाल पकडला. "आणि हा आम्हाला ओरबाडतो! नखं तर अशी वाढतात ना ह्याची, रोज कापली तरी पुरत नाहीत."

स्नेहलनं ती इवलीशी नखं बघितली. पांढरी, धारदार, रोज वाढणारी. तिला ओरडावंसं वाटलं. पण तोंड उघडलं तर काय होईल, तेही तिला दिसत होतं. औषध बंद. मनवा पुन्हा मांडीवर पालथी. ते काळेनिळे ओठ. ती प्राणवायूची नळी. जी पोर आत्ता चटईवर कुणाच्या तरी मागं पळतेय, ती पळणार नाही. आणि गप्प राहिलं तर? कुणाला कळणार आहे? हळूच घरी निळं पाणी सुरू करावं, मनवाची नखं वाढतील, बाकीच्यांचं ज्याचं त्याच्यापाशी. एवढा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. डबक्यातल्या जिवाला डोकं नाही, तरी तो आपलं धडकं वल्हं आखूड करतो.

ती उठून उभी राहिली.

"मॅडम, मनवाचा निळा आठवडा खोटा आहे."

"म्हणजे?"

"निळ्या कुप्यांत मी औषध भरत होते. होळीपासून. एकही खाडा केला नाही." तिनं मनवाला जवळ ओढलं, लेगिंग वर केली, पट्टी सोडली. "हे नागपंचमीचं खरचटलंय. आणि ही नखं बघा. ही मेंदीही तेव्हाचीच आहे."

मागून एक बाई किंचाळली, "अहो, आमच्या पोरांना मारलं असतंत की तुम्ही!" कुणीतरी तिला खाली बसवलं. इरफानभाईंनी अयानला छातीशी घट्ट धरलं आणि ते त्याच्या नखांवरून अंगठा फिरवत राहिले. तुषार स्नेहलकडं असा बघत होता, की जणू ही बाई त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

बेलसरेबाई गुडघे टेकून खाली बसल्या. त्यांनी ती जखम बघितली, एकेक नख बघितलं. चांगल्या चिडल्या होत्या. "तुम्हाला समजतंय तुम्ही काय केलंत? मी उद्या ह्या सगळ्यांना..." आणि तिथंच त्या थांबल्या. मनवाचा हात त्यांनी हातात घेतला. "निळ्या आठवड्याचं कारण मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "रांग होती म्हणून नाही सांगितलं."

"आता थांबवलं तर वाढेल ना ती?" स्नेहलनं विचारलं.

"माहीत नाही. डबक्यातला जीव वल्ही आत घेतो आणि पुन्हा वाढायला लागतो. माणसाचं कुणी बघितलेलं नाही. मनवाच पहिली."

औषध त्याच दिवशी बंद झालं. बाईंनी एक अट घातली. रोज कुणीतरी घरी जाऊन बघायचं, की पोरीला पांढरी कुपी मिळत नाही. घरातली पांढऱ्या कुप्यांची उरलेली पट्टीही त्याच माणसाकडं ठेवायची, श्वास अगदीच अडला तर बाईंना विचारून द्यायला. स्नेहलनं स्वतःच भूपाल अण्णांचं नाव सांगितलं.

अण्णा रोज सकाळी काठी टेकत यायचे, उंबऱ्यावर बसायचे. "ताई, यंत्र दावा. कुपी दावा. त्या डब्यात काय हाय, त्येबी दावा." पहिल्या दिवशी ते गालात हसत म्हणाले, "तवा तुमी मला जीभ उचलाय लावायचा. आता तुमची पाळी."

नंतर हसू आटलं. मनवाची छाती भरत चालली. आधी ती पळायची थांबली, मग जिना चढायची, मग बोलताना वाक्य अर्ध्यात तोडायला लागली. लव आटत होती, हे चांगलं होतं, आणि लव आटत होती म्हणूनच पोर गुदमरत होती. स्नेहल थापट्या मारायची, तिचे हात भरून आले की तुषार मारायचा. तो तिच्याशी बोलत नव्हता. नळावरून ओल्या अंगानं यायचा, पोरीला तिच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घ्यायचा. एवढंच त्यांचं बोलणं.

आणि गुडघा तसाच होता. पट्टी सोडली की तोच ओला लाल ठिपका. पेशी वाढायचंच विसरल्या असतील तर? ना औषध, ना वाढ. आपण पोरीचं दोन्ही घालवून बसलो तर?

एका दुपारी मनवाचे ओठ पुन्हा काळसर दिसले. प्राणवायूची नळी लावली होती, तरी बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली चालला होता. बेलसरेबाई फोनवर म्हणाल्या, "अजून अर्धा तास थापा, आकडा ह्याच्या खाली गेला तर सरळ इकडं आणा." स्नेहल तशीच अनवाणी अण्णांच्या घरी धावली.

"अण्णा, एक कुपी द्या. एकच. पाया पडते तुमच्या."

"बाई हो म्हनल्या?"

"तुम्ही द्या हो! मरंल माझी पोर!"

म्हातारा काठी टेकत उभा राहिला. कुप्यांची पट्टी त्याच्या बंडीच्या खिशात होती, त्यावर त्यानं हात दाबून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ताई, म्या मांडवात तुमच्या पाया पडलो हुतो. उलटी हुती, गोळी नगं, आजचा दिस सोडा म्हनलो. तुमी सोडलं न्हाई. म्हनून मी जित्ता हाय." त्यानं डोळे पुसले. "चला, मी येतो. माझंबी हात हाईत की."

त्या दुपारी तिघांनी आळीपाळीनं थापट्या मारल्या, स्नेहलनं, शेडवरून पळत आलेल्या तुषारनं आणि अण्णांनी. शेवटी मनवाला एक मोठी उबळ आली आणि कफाचा हिरवा गठ्ठा भांड्यात पडला. आकडा हळूहळू वर सरकला. अण्णांनी भिंतीला पाठ टेकली. पट्टी अजून त्यांच्या खिशातच होती.

असे किती दिवस गेले, स्नेहलनं मोजलं नाही. भोगीच्या दिवशी ती तीळ लावून भाकरी थापत होती. तुषार पोरीला मांडीवर पालथी घेऊन बसला होता. छातीतून खरखर येतच होती, तिला काही उतार नव्हता. आणि मनवा चुळबुळ करत होती, एक पाय दुसऱ्यावर घासत होती.

"नीट पड की गं," तुषार वैतागून म्हणाला.

"नाही ना पडवत!" मनवा रडकुंडीला आली. "आई, बघ ना, गुडघा किती खाजतोय!"

स्नेहलच्या हातातली भाकरी परातीत पडली. जखम भरायला लागली की खाजते. कुठल्याही आईला विचारा. ती पिठाच्या हातानं धावली, पट्टी सोडली. ओल्या लाल ठिपक्याच्या कडेनं बारीक, कोरडी, तपकिरी खपली धरली होती. तिनं तुषारकडं बघितलं. त्यानंही बघितलं, आणि कित्येक दिवसांनी तो तिच्याशी बोलला. "स्नेहल..." म्हणाला आणि खपलीपाशी वाकला.

मनवाचा हात हळूच गुडघ्याकडं निघाला होता. स्नेहलनं तो वरच्यावर पकडला. ती हमसून रडत होती आणि रडता रडता ओरडत होती, "खाजवायचं नाही! अजिबात खाजवायचं नाही, सांगून ठेवते!"